प्रतिसाद: बॅटरीवाल्या गाडीला आत्मा नसतो?
इलेक्ट्रिक गाडी म्हणजे चाकं लावलेला मिक्सर, हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. ताशी १०० किमीचा टप्पा पहिल्यांदा ओलांडणारी गाडी बॅटरीवरच चालत होती, तीही १८९९ साली! वेगाच्या वेडात बॅटरी काही उपरी नाही.

माझं दुखणं वेगळंच आहे, वजनाचं. माझदा एमएक्स-५ ही छोटी पेट्रोल स्पोर्ट्स गाडी साधारण १,१०० किलोची, तर इलेक्ट्रिक ह्युंदाई आयोनिक ५ एन २,२०० किलोच्या घरात. मोटर आणि सॉफ्टवेअर कितीही हुशारी करोत, वळणाआधी जोरात ब्रेक दाबला की ते ओझं लपत नाही. त्याच आयोनिकमध्ये लुटुपुटूचे गिअर आणि स्पीकरमधून इंजिनाचा आवाज आहे. आधी हसलो होतो. पण गिअर बदलताना बसणारा तो हलका धक्का आपल्यासारख्यांना हवाच असतो, हे कंपनीने बरोबर ओळखलंय.

स्वप्नातली गाडी विचाराल तर अजून फेरारी एफ४०च. १९८७ ची, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा) सावकाश जागा होणारा, आत साधं कार्पेटही नाही. आजची तगडी इलेक्ट्रिक सेडान तिला सिग्नलवरून सहज मागे टाकेल. त्या सेडानचं पोस्टर मात्र मी भिंतीवर लावणार नाही.