सातबारा मालकांच्या नावावर, ठिबक कसं करू?

सिन्नरहून: सव्वा एकर आहे, टोमॅटो अन् उन्हाळ कांदा. मालक, म्हणजे माझे मिस्टर, कंपनीत, शेत मीच बघते. मार्चनंतर विहीर तासभरच चालते, म्हणून ठिबक करायचंय. पण सातबारा त्यांचा, मोबाईल त्यांचा, ओटीपी त्यांच्याकडे. मागे गारपिटीचा इशारा त्यांना दुपारीच आला, मला कळला संध्याकाळी. काढलेला कांदा उघड्यावर होता. फार जीव तुटला.

निफाडहून: ताई, आधी लक्ष्मी मुक्ती योजना. 1992 ची आहे. मालकांनी स्वतः तलाठ्याकडे अर्ज दिला की तुमचं नाव सातबाऱ्यावर लागतं. मग महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर, ठिबकचा अर्ज तुमच्या नावाने. केंद्राच्या योजनेत अल्पभूधारकाला 55 टक्के अनुदान आहे, पण बिल आधी आपणच भरायचं. मी बचत गटातून उचल घेतली होती.

दिंडोरीहून: साधा का होईना, स्वतःचा स्मार्टफोन घ्याच. मेघदूत ॲपवर मंगळवारी-शुक्रवारी मराठीत कृषी सल्ला येतो. मी तो बघूनच द्राक्षाची फवारणी ठरवते. आणि ठिबकचा फिल्टर दर आठवड्याला धुवा, विक्रेते हे बायांना सांगतच नाहीत.

सिन्नरहून: मालकांना सोमवारी सुट्टी असते. दोघं तलाठ्याकडे जातो.