वडिलांच्या नावावरील घराचा खाता बदलताना नावातील फरकाची अडचण

सीमावासी (प्रश्न):
बेळगाव जिल्ह्यातील एका नगरपालिकेच्या हद्दीत आमचे घर असून दप्तरी ते अद्याप दिवंगत वडिलांच्या नावावर आहे. वडील बेळगाव शहरातील रुग्णालयात वारले. त्यांचे नाव ज्ञानेश्वर. घरपट्टीच्या पावत्यांवर आणि आधार कार्डावर ते इंग्रजीत 'डी-एन-वाय'ने सुरू होते. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र कन्नड वळणाने 'जे-एन' आले आहे. एवढ्यावरून खाता (कर आकारणीसाठी नगरपालिकेच्या दप्तरी असलेली घराची नोंद) बदलण्याचे आमचे कागद खिडकीवरूनच परत आले. वारस आई, मी आणि विवाहित बहीण असे तिघे आहोत. मला कन्नड बोलता येते, लिहिता येत नाही. अर्ज मराठीत दिला तर चालेल का, आणि सुरुवात कोठून करावी?

जुना कारकून:
सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून करावी. मृत्यूची नोंद राहत्या गावी होत नसून जेथे मृत्यू झाला तेथे होते, त्यामुळे दुरुस्तीचा अर्ज बेळगाव शहरातील निबंधकांकडे द्यावा लागेल. आपल्या नगरपालिकेत त्यासाठी खेटे घालण्यात अर्थ नाही. जन्ममृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ प्रमाणे चुकीची नोंद सुधारता येते. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून त्यावर सही व तारीख घालतात. सोबत आधार कार्ड आणि शाळा सोडल्याचा जुना दाखला जोडावा. वंशवृक्षाचा, म्हणजे वारसांची नाती दाखवणारा, दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) मिळतो. तो दुरुस्तीनंतरच काढावा, नाहीतर तीच चूक त्यातही उतरेल.

शहापूरकर:
भाषेबद्दल सांगतो. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत तक्रार-निवेदन देता येते, त्यामुळे कैफियत मराठीत मांडण्यास आपण मोकळे आहात. मात्र खाता बदलाचा ठरावीक नमुना कन्नडमध्येच भरून द्यावा, असे माझे मत आहे. भाषेच्या हक्काचा झगडा आणि आईचे काम एकाच अर्जात घालू नये. नमुना भरून देणारे कोणी ना कोणी गल्लीत सापडतेच. सही मराठीत करावी.
आणखी एक गोष्ट म्हणजे कर्नाटक सरकारची 'सकाल' (वेळेत सेवा देण्याची) योजना. २०११ च्या कायद्याने सेवेची मुदत ठरवून दिलेली आहे. अर्ज दिल्यावर पंधरा अंकी जीएससी क्रमांक (या योजनेतील अर्जाचा क्रमांक) असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तोंडी "पुढच्या आठवड्यात या" याला काही किंमत नाही. मुदत टळल्यास दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. रक्कम किरकोळ आहे, पण अपिलाची वाट त्या क्रमांकावरूनच उघडते.

सीमावासी:
मनःपूर्वक आभार. बहीण म्हणते की खाता आई आणि माझ्या नावावर करा, तिची हरकत नाही. साध्या कागदावर तिची संमती लिहून घेतली तर पुरेल का?

जुना कारकून:
पुरणार नाही. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल आणि घर त्यांच्या स्वकमाईचे असेल, तर हिंदू वारसा अधिनियम, १९५६ प्रमाणे आई, मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच असतो, मग मुलगी विवाहित असो वा नसो. ताईंना खरोखरच हिस्सा सोडायचा असेल तर उपनिबंधक कार्यालयात नोंदवलेले हक्कसोडपत्र करावे. खाता ही कर आकारणीसाठीची नोंद आहे, तो मालकीचा पुरावा नव्हे. तूर्त तिघांचीही नावे घालावीत. घरपट्टीची थकबाकी असल्यास ती आधी भरून पावती अर्जाला जोडावी.