'मनी'मधला बास: सात मात्रा तुम्ही कशा मोजता?

पखवाज_वेंगुर्ला
वाडीच्या भजनी मंडळात मी पखवाज वाजवतो. रॉकची ओळख पुतण्यामुळे झाली. गेल्या पावसात लाईट गेली होती, तेव्हा त्यानं हेडफोन लावून पिंक फ्लॉइड या रॉक बँडचं 'मनी' हे गाणं ऐकवलं. 1973 सालचं, 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बममधलं. आधी नाण्यांचा खळखळाट, गल्ल्याचा आवाज, आणि त्याच लयीत रॉजर वॉटर्सचा बास, म्हणजे खर्जाची गिटार, शिरतो. दोन-तीन आवर्तनांत माझा हात मांडीवर पडायला लागला. सात मात्रा!

पेटीवर पांढरी सातला सा धरून काढलं: सा, सां-प, सा, मग खालचा प, खालचा कोमल नि, सा, कोमल ग. दुसऱ्या मात्रेत दोन स्वर, बाकी एकेक. एवढंच. पण शेवटचा कोमल ग पुढच्या सा ला असा ओढून आणतो, की आठवी मात्रा हवीशी वाटतच नाही. सॅक्सोफोन वर कितीही भरकटू दे, खाली बास जागचा हलत नाही. आमच्यात हे काम पखवाजाचं. इथं ते सुरांनी केलंय, याचं मला फार अप्रूप आहे.

तुम्ही हे सात मात्रांच्या रूपक तालासारखं 3-2-2 मोजता का?

तबला_रत्नागिरी
रूपक नको. रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'वर (टाळी नसलेल्या जागी) येते, इथं पहिल्या सा वरच सगळा भार आहे. तुमचेच स्वर बघा: पहिल्या तीन मात्रांत सा वरून निघून परत सा, पुढच्या चारांत खालच्या प पासून चढण. म्हणजे 3-4. दोन फेऱ्या झाल्या की दीपचंदी तालाच्या चौदा मात्रा.

कुडाळकर
आमच्या बुवांका ह्यां ऐकवलंय. मोबाईलच्या स्पीकरवर बास गावलोच नाय, हेडफोन लावल्यार बुवा डोळे मिटून बसले. गिटार सोलोक ठेको चारार येता, थंय म्हणाले, "हो गजर!"

पखवाज_वेंगुर्ला
दीपचंदी लावून बघितली, चपखल बसली! आणि बुवांचं खरंच आहे. त्या सोलोत बास चारात झपाझप चालतो, मधे सगळं विरळ होतं, पुन्हा भरतं, आणि मग सातावर परत येतात. काल ती जागा सहा वेळा ऐकली. परतीचा तो पहिला सा, त्यावर थाप द्यायला हात शिवशिवतो.