अंगणातला किल्ला पडद्यावर का गेला?

वडगावकर:
गेल्या दिवाळीत पोरगा किल्ला करायला अंगणात उतरलाच नाही. राजहंसगड त्यानं माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे पडद्यावर ठोकळे रचायच्या खेळात बांधला. सोबतीला पुण्याचा आतेभाऊ आणि खानापूरचा मित्र. हाताला माती नाही, कपड्याला डाग नाही. माझं मत स्पष्ट आहे: माणसं असल्या जगात जातात ती पळवाट म्हणून. अभ्यास, घरची कटकट, सगळं विसरायला होतं.

खानापूरकर:
काका, पळायचंच असेल तर पोरं तिथं एवढी राबतात कशाला? एकेक ठोकळा रचून तटबंदी उभी करायची, चुकली की पाडून पुन्हा रचायची. चकचकीत चित्रांची भूल म्हणाल, तर तेही नाही. १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात ट्रबशॉ आणि बार्टल या विद्यार्थ्यांनी संगणकावर असं जग केलं, ते नुसत्या शब्दांचं होतं. तरी लोक रमले. पुढं बार्टलनी खेळणाऱ्यांचे चार स्वभाव सांगितले: कुणाला जिंकायचं असतं, कुणाला कानाकोपरा धुंडाळायचा, कुणाला गप्पा हव्यात, कुणाला दुसऱ्याला पाडायचं. हे चौघं आमच्या गल्लीतही आहेत. आणि आमच्याकडच्या पावसात चार महिने पोरांनी खेळायचं कुठं?

निपाणीची ताई:
दोघांचंही मला पटत नाही. आपली माणसं जिथं आधी गेली, तिथं माणूस जातो. २०२० च्या सप्टेंबरात आपल्या देशात पबजी या मोबाइलवरच्या खेळावर बंदी आली, तेव्हा माझ्या भावाचं टोळकं आठवड्यात दुसऱ्या खेळात गेलं, सगळं एकत्र. खेळ सुटला, संगत नाही. उलट २०२१ मध्ये फेसबुक कंपनीनं नाव बदलून मेटा केलं, आभासी जगावर अफाट पैसा ओतला, पण माझ्या ओळखीचं कुणी तिकडं फिरकलं नाही. ओळखीचं कुणी नसेल तर रिकाम्या वाड्यात कोण राहील?

वडगावकर:
संगतीचं पटलं, ताई. पण त्याच संगतीच्या जोरावर रोब्लॉक्स नावाच्या खेळात रोबक्स, म्हणजे तिथलं चलन, विकलं जातं. मित्राच्या बाहुल्याला नवा पोशाख आला की आपल्यालाही हवा. पोरांच्या मैत्रीवर धंदा चालतो, हे मला सहन होत नाही. आणि गडावर महाराजांची मूर्ती बसवताना आई कुंकू लावायची, शेजारपाजारचे बघायला यायचे. ते तिथं कुठलं?

खानापूरकर:
पैशाचं खरंय, तिथं लगाम हवाच. पण काका, पुण्याचा आतेभाऊ मागच्या किती दिवाळ्यांत तुमच्या अंगणात किल्ला करायला आला होता? गेल्या दिवाळीत मात्र त्यानं बुरूज बांधला.