कार्टून म्हणजे पोरांचंच, असं धरून कात्री चालवू नका

तिसवाडी (धागाकर्ता)

मुलाच्या शाळेत परवा पालकसभा झाली. तिथे एक मागणी आली आणि बऱ्याच जणांनी ती उचलून धरली: 'इन्व्हिन्सिबल'सारख्या ॲनिमेटेड सुपरहिरो मालिका सरकारने बंद कराव्यात, निदान त्यातली मारकाट कापून मगच दाखवायला लावावी. तसं पत्र जायचं आहे. माझा त्याला विरोध आहे. सभेत दोन मिनिटांत तो मांडता आला नाही, म्हणून इथे लिहितो.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. रॉबर्ट कर्कमनच्या कॉमिकवरून काढलेली ही मालिका मार्च २०२१ मध्ये ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर आली. मार्क हा शाळकरी मुलगा आणि त्याचा बाप जगातला सर्वांत बलाढ्य सुपरहिरो. पहिला भाग संपत येईपर्यंत सगळं आपण लहानपणी पाहिलेल्या कार्टूनसारखंच चालतं. मग अगदी शेवटी हाच बाप आपल्या साथीदारांना एकेक करून हातांनी ठार मारतो, आणि चित्र तिथून हलत नाही. मालिका मोठ्यांसाठी काढलेली आहे आणि तिची वर्गवारीही प्रौढांचीच आहे.

मी पणजीत स्टोरीबोर्ड, म्हणजे चित्रीकरणाआधीचा चौकटीचौकटींचा आराखडा काढतो. एखादी चौकट काढून टाकली की गोष्टीचं काय होतं, हे रोज पाहतो. २००० साली आलेल्या 'बॅटमॅन बियाँड: रिटर्न ऑफ द जोकर' या चित्रपटाचं उदाहरण घ्या. आदल्या वर्षी अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला होता, त्यामुळे चित्रपट कापून, बदलून बाजारात आणला गेला. मूळ गोष्टीत खलनायक जोकर बॅटमॅनच्या छोट्या साथीदाराला, रॉबिनला पळवून नेतो, त्याचे हाल करून त्याचं मन मोडतो आणि बॅटमॅनला मारायला त्याच्याच हातात पिस्तूल देतो. मुलगा वळतो आणि ते जोकरवरच झाडतो. मग हसत हसत रडायला लागतो. कापलेल्या प्रतीत जोकर विजेच्या धक्क्याने मरतो, तोही पडद्याआड. २००२ मध्ये मूळ प्रत आली तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून पाहता आल्या. मरण दोन्हीकडे आहे. कापलेल्या प्रतीतून गेलं ते एवढंच, की माणूस मारल्यावर मारणाऱ्या मुलाच्या जिवाचं काय होतं. हिंसेविरुद्ध बोलणारी जागाच हिंसेच्या नावाखाली कापली गेली.

याहून जुना दाखला आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या कॉमिक कंपन्यांनी सरकारी चौकशीच्या धास्तीने स्वतःवर 'कॉमिक्स कोड' लादून घेतला. चांगल्याचा विजय झालाच पाहिजे, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. हे पाळणाऱ्या अंकालाच कोडचा शिक्का मिळे. १९७१ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याच्या विनंतीवरून लेखक स्टॅन लीने स्पायडरमॅनच्या अंकांत अमली पदार्थांचे दुष्परिणाम दाखवले, तर कोडने शिक्का नाकारला. विषयच वर्ज्य होता, त्याच्या विरोधात बोलणंसुद्धा. ते अंक शिक्क्याशिवाय निघाले, आणि त्याच वर्षी नियम सैल करावे लागले.

म्हणून माझी मागणी वेगळी आहे. वयाची वर्गवारी ठळक करा, पालकांनी पिन लावायचं कुलूप सोपं करा, पण मोठ्यांच्या गोष्टीला कात्री लावू नका. चित्रं हलतात एवढ्यावरून ती पोरांची होत नाहीत.

---

कुशावती

त्या सभेत हात वर करणाऱ्यांत मी होते, म्हणून उत्तर देते.

तुम्ही गोष्टीच्या बाजूने बोलताय, मी घराच्या बाजूने. आमच्या फोंड्याच्या घरात टीव्ही एक, खातं एक, आणि दुपारी फोन असतो आजीच्या हातात. कुलूप सोपं करा म्हणता, पण पिन लावणार कोण? मी सहाला कामावरून येते. तोवर नऊ वर्षांचा मुलगा आणि सत्तरीतली सासू. तिला पडद्यावर रंगीत कपड्यांतला उडणारा माणूस दिसतो, म्हणजे मुलाचं काहीतरी चाललंय, एवढंच कळतं. त्यात तिचं काय चुकलं?

आणि खरी गोष्ट अशी की माझ्या मुलाने ती मालिका पाहिलेलीच नाही. त्याने पाहिलाय तो तुकडा. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात बाप मुलाला भुयारी रेल्वेसमोर धरून ठेवतो आणि आतली माणसं त्याच्या अंगावर आदळून मरतात, तेवढाच. तीस सेकंदांच्या व्हिडिओत, वर गाणं लावून. तुमची प्रौढ वर्गवारी त्या तुकड्यावर कुठे होती? दोन रात्री तो माझ्या खोलीत झोपला. मूळ चित्रातच ते दृश्य इतकं उघडं नसतं, तर त्याचा तुकडाही झाला नसता. माझी सही पत्रावर राहणार.

---

आल्तिनो

कुशावतीताई, मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण रेल्वेचा तो प्रसंग कापला असता तर मालिकेत उरलं काय असतं? बाकीच्या सुपरहिरोपटांत अख्खी शहरं कोसळतात आणि एकही मेलेला माणूस दिसत नाही. इमारत पडते, धूळ उडते, हिरो हसतो. मला ते जास्त धोक्याचं वाटतं. त्या प्रसंगात बाप मुलाला सांगतोय की या माणसांची काही किंमत नाही, आणि मुलगा ती किंमत स्वतःच्या अंगावर घेतोय. हे पुसट करून कसं दाखवणार?

आपली कात्री कुठे चालते तेही बघा. २०२५ मध्ये आलेल्या 'सुपरमॅन'मधलं ३३ सेकंदांचं चुंबन सेन्सॉर बोर्डाने काढायला लावलं. ठोसे, पडझड सगळं राहिलं. दोन प्रेमातली माणसं तेवढी खुपली. अशा हातांत आणखी अधिकार द्यायचे?

शिवाय आपल्याकडे पोरं काय कमी बघतात? नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पणजीत, म्हापशात, मडगावात फिरा. सुळे बाहेर आलेले, डोळ्यांत लाल दिवे लावलेले, घराएवढे नरकासुर. दहा-बारा वर्षांची पोरं महिनाभर खपून ते बांधतात आणि पहाटे स्वतःच्या हातांनी जाळतात. तिथे कोणी वर्गवारी मागत नाही.

---

कुशावती

नरकासुराचं तुम्हीच काढलंत ते बरं झालं. माझा मुलगाही जातो. सांगाडा बांधायला वाड्यावरचे, म्हणजे वस्तीतले, मोठे मुलगे असतात, मुखवट्याला कागद चिकटवताना मामा शेजारी बसलेला असतो. पहाटे आम्ही सगळे जागे. जळून झाला की घरी येऊन पायाखाली कारीट फोडायचं, अभ्यंगस्नान करायचं, फोव (पोहे) खायचे. भीती वाटली तर धरायला हात असतो, आणि राक्षस मेला हे सांगायला अख्खा वाडा असतो. फोनवरचा तुकडा तो पलंगावर पालथा पडून एकटा बघतो. हे दोन्ही एकाच तागडीत घालू नका.

---

मास्तर, पेडणे

कुशावतीबायने मोलाचं सांगितलं. मी तिच्याच बाजूचा, पण माझं कारण निराळं आहे.

आमच्या भागात जत्रेला काला होतो. रात्रभर दशावतार. पोरं पुढच्या रांगेत चटईवर. आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या भागात, काळा संकासुर राक्षस येतो, आधी पोरांना भिववतो, मग हसवतो, आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. पुढे आख्यानात तलवारी फिरतात, मृदंग आणि झांज अशी चढत जाते की लहान मूल आईच्या पदरात शिरतं. रक्ताचा थेंब कुठे दिसत नाही. तरी कोणाला वाटतं का, की तिथे मरण खोटं आहे?

तुमच्या क्षेत्रातलाही दाखला देतो. १९९२ मध्ये सुरू झालेली बॅटमॅनची ॲनिमेटेड मालिका माझा मुलगा बघायचा, म्हणून मीही बघितली. वाहिनीचे नियम कडक होते. रॉबिनचे आईवडील सर्कशीत झुल्यावरून पडून मरतात, त्या भागात पडणं दाखवलेलंच नाही. तुटलेला दोर तेवढा झुलत परत येतो. तीस वर्षं झाली, तो दोर माझ्या डोळ्यांपुढून गेला नाही. त्या भागाला अमेरिकी टीव्हीचा १९९३ चा एमी पुरस्कारही मिळाला. उघडं दाखवायची मुभा असती तर कोणाला तो दोर सुचला असता? मर्यादा कलावंताला विचार करायला लावते. आजच्या मालिकांना ती नकोशी झाली आहे आणि आतडी बाहेर काढली की आपण प्रौढ झालो, असं त्यांना वाटू लागलं आहे.

---

तिसवाडी

मास्तर, तो दोर मीही विद्यार्थ्यांना दाखवतो. त्यापेक्षा चांगली चौकट मला माहीत नाही.

पण त्याच वाहिनीच्या, फॉक्सच्या, मुलांच्या कार्यक्रमांत १९९४ मध्ये स्पायडरमॅनची मालिका आली. तिथेही तसेच नियम. परिणाम काय झाला? खऱ्या बंदुकांच्या जागी लेझर. स्पायडरमॅनला धड ठोसा मारता येईना. मॉर्बियस हा मुळात रक्त पिणारा. त्याला 'रक्त' म्हणायची बंदी, म्हणून तो 'प्लाझ्मा' मागत फिरतो आणि दातांऐवजी तळहातांवरच्या छिद्रांनी तो शोषतो. ते दृश्य चाव्यापेक्षा किळसवाणं आहे, आणि नियमात चोख बसतं. बंधन दोघांवर होतं, दोर एकालाच सुचला. तेव्हा श्रेय द्यायचं तर कलावंताला द्या, वाहिनीच्या यादीला नको.

शिवाय ती मालिका मुलांसाठीच होती. मुलांच्या कार्यक्रमात संयम हवा, यात माझा वाद नाही. जे मुलांसाठी नाहीच, त्यालाही तोच नियम लावायचा, याला माझी हरकत आहे. आणि संयम पाळायचा की नाही हे दशावतारी ठरवतो, तलाठी नव्हे.

---

साळावली

मी वकिली करते, म्हणून पत्र कुठे पोचेल एवढं सांगते. ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून दाखवल्या जाणाऱ्या मालिका सेन्सॉर बोर्डाकडे जातच नाहीत. त्यांना फेब्रुवारी २०२१ चे माहिती-तंत्रज्ञान नियम लागू आहेत. यू (सर्वांसाठी), ७+, १३+, १६+ आणि ए (फक्त प्रौढांसाठी) अशी वर्गवारी कंपनीने स्वतः करायची, १३+ पासून पुढे पालकांसाठी कुलुपाची सोय द्यायची, ए असेल तर वय तपासण्याची खात्रीलायक व्यवस्था ठेवायची. तक्रार आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, त्याने १५ दिवसांत निकाल द्यायचा. म्हणजे तिसवाडी मागतात त्यातलं बरंचसं कागदावर आहे.

नाही ते कुशावतीताईंचं. ही वर्गवारी मालिका प्रसारित करणाऱ्या कंपनीने करायची आहे. कोणीतरी कापून टाकलेल्या तीस सेकंदांवर ती करायला कोणी बांधील नाही. पोकळी तिथे आहे.

बंदीचं म्हणाल तर २००८ मध्ये 'शिनचॅन' ही जपानी कार्टून मालिका सरकारने टीव्हीवरून काढली होती. पुढच्या वर्षी ती कापलेल्या रूपात परतली. जपानात ती मुळात मोठ्यांच्या नियतकालिकातली चित्रकथा. इथे मुलांच्या वाहिनीवर लागली आणि मग दंगा झाला. जागा चुकली होती. आणि बंदीचा अधिकार कुठवर जातो हे गोव्याने जवळून पाहिलंय. २०१७ च्या इफ्फीत, म्हणजे इथल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, परीक्षकांनी निवडलेले 'न्यूड' आणि 'एस दुर्गा' हे चित्रपट माहिती-प्रसारण मंत्रालयाने यादीतून काढले, परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. 'न्यूड' आपल्या मराठीतला. आज कार्टूनसाठी आपणच हा अधिकार मागून घेतला, तर उद्या नाटकावर आल्यावर कोणत्या तोंडाने बोलणार? पोर्तुगालच्या सालाझारच्या राजवटीत इथे छापण्याआधी मजकूर सेन्सॉरला दाखवावा लागे. ते भोगलेली माणसं अजून आपल्यात आहेत.

---

मास्तर, पेडणे

त्यांतलाच मी. वडील मुलाखती लिहीत, त्या सेन्सॉरकडून ओळी खोडून परत येत. म्हणून बंदी मलाही नको, हे स्पष्ट करतो. पण बाजाराला परकीय राजवटीविरुद्धच्या पत्रकारांच्या पंक्तीला बसवू नका. ते सत्य सांगण्यासाठी भांडले. इथे पुढचा सीझन मागच्यापेक्षा जास्त रक्ताळ हवा असं गणित असतं. त्याला नाही म्हणायचा हक्क समाजाला असावा.

---

तिसवाडी

नाही म्हणायचा हक्क आहेच, मास्तर. न पाहून म्हणता येतं, लिहून म्हणता येतं. बाजाराची कात्रीसुद्धा तुमच्या बाजूची नसते. 'हार्ली क्विन' मालिकेच्या निर्मात्यांनी २०२१ मध्ये सांगितलं होतं की बॅटमॅन आणि कॅटवुमनचं एक शृंगाराचं दृश्य डीसी या बॅटमॅनच्या कॉमिक कंपनीने काढायला लावलं, कारण हिरो असं काही करत नाहीत आणि मग खेळणी विकायला अडचण येते. बॅटमॅनने माणसांची हाडं मोडली तर खेळणी विकायला अडचण येत नाही.

कुशावतीताई, तुकड्यांचा तुमचा मुद्दा पत्रात पहिला घ्यायला हवा. मालिका कापून तो सुटत नाही, कारण तुकडे करणारा कुठूनही करेल. आपण मागावं ते असं: प्रौढ वर्गवारीच्या मालिकेचा तुकडा अल्पवयीन खात्यावर दिसता कामा नये, आणि दिसला तर तो टाकू देणाऱ्या मंचाला, म्हणजे ॲप किंवा संकेतस्थळाला, जबाबदार धरावं. दुसरं, मुखपृष्ठाच्या चित्रावरच वय मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि कोंकणीतही, म्हणजे आजीला कळेल. हा मसुदा मी आज रात्री लिहितो.

---

कुशावती

आजीला वाचता येईल असं वय चित्रावर, हे मला मान्य. तुकड्यांचंही मान्य. मसुदा सभेच्या गटात टाका, मी वाचून सुधारणा सांगेन.

पण कापण्याची ओळ मी खोडणार नाही. मंचाला जबाबदार धरायचा कायदा होईल तेव्हा होईल, माझा मुलगा आज नऊ वर्षांचा आहे. पत्रात दोन्ही मतं वेगवेगळी लिहा आणि खाली ज्याच्या त्याच्या सह्या घ्या.