१ मेला इंदूरमध्ये कामगारांचा उत्सव करायचाय, काय काय ठेवावं?

रामबागवाला:
नमस्कार मंडळी. आमच्या मराठी मंडळात दरवर्षी १ मेला महाराष्ट्र दिन होतो, म्हणजे लेझीम, दोन भाषणं आणि मग श्रीखंडपुरी. यंदा मीटिंगमध्ये मी म्हटलं की त्याच दिवशी कामगार दिन पण असतो आणि आपण राहतो इंदूरमध्ये, निम्म्या सभासदांचे आजोबा मिलमध्ये होते, तर या वेळी संध्याकाळ त्यांच्या नावाने करू. झालं, एक काका म्हणाले लाल झेंडे लावणार का, दुसरे म्हणाले मग इंटकवाल्यांनाही (काँग्रेसची कामगार संघटना) बोलवा नाहीतर भांडणं होतील, आणि सेक्रेटरी म्हणाले तूच करून दाखव, म्हणजे आता माझ्याच गळ्यात पडलंय. हॉल लहान, बजेट जेमतेम. शिकागोच्या कामगारांचा लढा वगैरे सगळ्यांना माहीत असतो, आपल्या इंदूरचं काय दाखवता येईल? आणि राजकारण न होता कसं करायचं? व्हॉट्सॲपवर एक पोस्टर फिरतंय की बाबासाहेबांनी १४ तासांचे ८ तास केले, ते छापून लावू का?

परदेशीपुरा_कट्टा:
भिया, राजकारण नको असेल तर लेझीमच करा, खरंच. सुट्टी, पगार, पाळीचे तास यातलं मालकाने आपण होऊन काहीच दिलेलं नाही, सगळं मागून घेतलंय, मग ते सांगताना कुणाला ना कुणाला टोचणारच. होमी दाजींचं नाव घेतलं तर कोणीतरी नाक मुरडेल, पण १९६२ला हा लाल झेंडेवाला मिल कामगारांचा पुढारी अपक्ष उभा राहून इंदूरमधून लोकसभेवर गेला हा इतिहास आहे ना? आणि दाजींबरोबर व्ही. व्ही. द्रविडांचं पण सांगा, ते इंटकचे पुढारी. दोघं एकमेकांच्या विरोधातले, दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावले की काकांचा प्रश्न सुटला.
बाकी इंदूरचं म्हणाल तर अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ! त्यापेक्षा मोठा कामगारांचा उत्सव कुठे आहे सांगा. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, प्रत्येक मिलची आपली झांकी, पुढे अखाडे, रात्रभर अख्खं शहर रस्त्यावर, शंभर वर्षांची परंपरा म्हणतात. मिला बंद पडल्या, भोंगे बंद झाले, तरी झांकी निघतेच, जुन्या कामगारांच्या समित्या वर्गणी गोळा करतात, नगर निगमकडून थोडी मदत मिळवतात आणि काढतात.

तास_मोजणारा:
ते पोस्टर लावू नका प्लीज. बाबासाहेबांचं काम इतकं मोठं आहे की त्याला फुगवायची गरजच नाही. झालं ते असं: १९११च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषांचे १२ तास ठरले, १९२२ला ११, १९३४ला १० तास आणि आठवड्याचे ५४. मग बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूर खात्याचे सदस्य होते, त्यांनी आणलेल्या १९४६च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत दिवसाचे ९ आणि आठवड्याचे ४८ तास झाले. सहा दिवसांनी भागा, आले की आठ. १९४८च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये हेच आकडे पुढे आले. हा जिना पोस्टरवर काढा, एकेका पायरीवर साल, पोरांना पटकन कळेल. आणि हा माणूस जन्मला कुठे, तर आपल्या महूला, अर्ध्या तासावर, हे खाली मोठ्या अक्षरात.
महाराष्ट्र दिनाशी जोड हवी असेल तर नारायण मेघाजी लोखंडे घ्या. १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज दिला त्यांनी. मागण्या वाचल्यात का कधी? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि मशीनवर इजा झाली तर बरा होईपर्यंत मजुरी. १५ तारखेपर्यंत पगार ही सुद्धा मागावी लागायची गोष्ट होती! रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९०ला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दहा हजारांची सभा झाली आणि तिथे दोन बायका भाषणाला उभ्या राहिल्या. मुलींना नाटुकलं बसवायचं तर हे बसवा.

मालवकन्या:
तुम्ही सगळे कायदे आणि पुढारी सांगताय. माझे बाबा साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, मिलचं नाव नाही लिहीत, बंद झाली आणि हिशेब वर्षानुवर्षं अडकला, आईने पापड लाटून घर चालवलं. असे लोक तुमच्या हॉलपासून दहा मिनिटांवर राहतात, पाटणीपुऱ्यात, नंदा नगरला. त्यांना बोलवा आणि बोलू द्या. पण शाल-श्रीफळ देऊन दोन मिनिटांत खाली उतरवू नका, तो प्रकार मला अजिबात आवडत नाही. खुर्चीवर बसवा, समोर पोरं बसवा, आणि साधं विचारा: पाळी किती वाजता सुटायची, डबा कोण आणायचं, बदली कामगाराला, म्हणजे कोणी गैरहजर असलं तरच काम मिळणाऱ्याला, सकाळी गेटवरून परत पाठवलं तर तो दिवसभर काय करायचा. बाबांना कापसाच्या धुळीने खोकला होता आणि ऐकू कमी यायचं, साच्यांचा आवाजच तसा. आम्ही घरात ओरडूनच बोलायचो, पाहुण्यांना वाटायचं भांडण चाललंय :)

साधा_प्रश्न:
झांक्यांबद्दल थोडा मतभेद. तो गणपतीचा उत्सव आहे, मिलमालकांच्या पैशावर वाढला, कामगार हक्कांशी काय संबंध? उगाच ओढूनताणून जोडू नका.

परदेशीपुरा_कट्टा:
मालकाचा पैसा होता हे खरंय, कोण नाही म्हणतंय. पण पैसा देणारा मालक गेल्यावर पण झांकी निघते, मग ती कोणाची? हुकुमचंद मिलचंच बघा. १२ डिसेंबर १९९१ला बंद, कामगार ५,८९५. २००७ला हायकोर्टाने २२९ कोटींची देणी ठरवली, आणि मोठी रक्कम हातात पडायला २०२३चा डिसेंबर उजाडला, बत्तीस वर्षं! तोवर कित्येक जण गेले, घेतले ते बायकापोरांनी. या बत्तीस वर्षांत, कोरोनाचा काळ सोडला तर, मिलची झांकी बंद नाही पडली. ओढूनताणून म्हणता ते हेच का?

साधा_प्रश्न:
बत्तीस वर्षांचा मुद्दा मान्य. भक्ती आणि हक्क एकत्र करू नये हे मत मात्र कायम आहे माझं.

पोहे_विथ_शेव:
एक राहिलंच. इंदूर स्वच्छतेत पहिलं २०१७पासून, आपण कॉलर ताठ करून सांगतो, पण पहाटे झाडू मारणाऱ्या ताईला आठवड्याची सुट्टी कधी असते हे माहितीये कोणाला? तिला, डिलिव्हरीवाल्या पोराला आणि हॉलच्या वॉचमनला पंगतीत आधी बसवा. आणि कार्यक्रम सातच्या आधी नको हं, मे महिन्यात पत्र्याच्या हॉलमध्ये म्हातारी माणसं शिजतील. ताकाचा माठ ठेवा.

रामबागवाला:
खूप आभार सगळ्यांचे. जिन्याचं पोस्टर नक्की, १८८४च्या मागण्या मुली वाचतील, दाजी आणि द्रविड शेजारी शेजारी. पण वाढणारे केटररचे लोक रात्री अकरापर्यंत उभे असतात, त्यांचं काय करू? त्या दिवशी आपणच वाढलं तर?

मालवकन्या:
वाढा की, पण त्यांची मजुरी कापू नका. नाहीतर कामगार दिनाला त्यांचाच खाडा.