निवृत्तीनंतरही ईएसआयसी : वर्षाचे १२० रुपये चुकवू नका

(सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं; नावांऐवजी फ्लॅट नंबर)

ए-२०३ : नमस्कार मंडळी. ह्यांना रिटायर होऊन वर्ष झालं. काल शुगरच्या गोळ्या आणायला गेलो तर खिडकीवर सांगितलं, तुमचं ईएसआयसीचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं, कार्ड आता चालत नाही. इतकी वर्षं पगारातून कापलं, ते सगळं गेलंच का?

सी-१०१ : वहिनी, काळजी करू नका, गेलेलं नाही. पण नोकरी सुटल्यावर ते आपोआप चालूही राहत नाही. किमान ५ वर्षं विमाधारक राहून जो वयोमानानुसार निवृत्त झाला, किंवा ज्याने व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली, त्याला आणि त्याच्या पत्नीला उपचार मिळतात. महिन्याला १० रुपये, म्हणजे वर्षाचे १२० एकदम आगाऊ भरायचे. ह्या वयात खाजगी पॉलिसीचा हप्ता किती हजार पडतो ते विचारून बघा! आपल्या चिंचवड-भोसरीतल्या कितीतरी रिटायर कामगारांना हे ठाऊकच नाही, याचं फार वाईट वाटतं.

ए-२०३ : भाऊजी, मग करायचं काय?

सी-१०१ : कंपनीचं निवृत्तीचं पत्र, जुनं ईएसआय कार्ड, दोघांची आधार कार्डं आणि फोटो घ्या, शाखा कार्यालय गाठा. दवाखान्यात नव्हे, शाखा कार्यालयात. पत्रावर निवृत्तीची तारीख आणि कारण स्पष्ट हवं. नुसतं 'नोकरी सोडली' लिहिलं असेल तर कंपनीकडून नवीन पत्र मागा, ह्यात हयगय नको.

बी-४०४ : मुलांनाही मिळतं का?

सी-१०१ : नाही, फक्त नवरा-बायको.

बी-३०२ : आमचे हे असेच १२० भरायचे. मागच्या महिन्यात गेले. आता माझं काय?

सी-१०१ : ताई, त्यांनी भरलेल्या मुदतीपर्यंत तुम्हाला उपचार मिळतील. पुढचं वर्ष तुम्ही स्वतःच्या नावाने भरा. पावतीवरची मुदत आजच बघून ठेवा. एकट्या जाऊ नका, मी येतो सोबत.

डी-५०१ : काका, माझा पगार ऑगस्टमध्ये ईएसआयसीच्या २१ हजारांच्या मर्यादेवर गेला. माझं लगेच बंद का?

सी-१०१ : लगेच नाही. एप्रिल ते सप्टेंबर ही एक सहामाही, तोवर वर्गणी कापली जाईल. त्या सहामाहीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जून. तेवढ्या अवधीत घरच्यांसाठी दुसरा विमा बघ, शेवटच्या आठवड्यावर टाकू नकोस.

ए-६०२ : माझं वय ७२, ईएसआयसी चालू आहे. आयुष्मान वय वंदना कार्ड (ज्येष्ठांसाठीचं सरकारी आरोग्य विम्याचं) काढलं तर हे बंद होईल का?

सी-१०१ : नाही आप्पा. ईएसआयसी असलं तरी ७० च्या पुढच्यांना ते मिळतं. आधारवर केवायसी (ओळखीची पडताळणी) होते, नातवाला मोबाईल घेऊन बसवा.

सचिव : ज्यांनी १२० भरलेत त्यांनी पावतीचा फोटो मला पाठवा. मुदत संपायच्या महिनाभर आधी एकेकाला फोन करीन.

ए-२०३ : पत्र सापडलं! त्यावर कारण 'वयोमानानुसार' असंच आहे. सोमवारी जातो.